नवरीचे कपडे : तुम्हाला कुठला डिझायनर आवडतो, आणि नेमका कशासाठी?

सुईदोरा

तुळशीच्या लग्नापासून जी धावपळ सुरू होते ती आत्ता कुठे सैलावली आहे, म्हणून हा धागा. मी ठाण्यात नवरीच्या कपड्यांची फिटिंग आणि दुरुस्ती करते. विकत घेतलेला लेहेंगा कमरेत घट्ट झाला, ब्लाउजचा मुंढा काचतोय, ओढणी डोक्यावर ठरत नाही, असं सगळं माझ्याकडे येतं. मुली येतात त्या फोन पुढे करूनच. "ताई, सेम असं." स्क्रीनशॉट बघून मी सांगू शकते की ही मुलगी नवरीचे फोटो कधीपासून बघायला लागली. फिका गुलाबी म्हणजे अनुष्का शर्मा, डिसेंबर २०१७. भडक लाल आणि ओढणीच्या काठावर देवनागरीत 'सदा सौभाग्यवती भव' म्हणजे दीपिका, २०१८. हस्तिदंती साडी आणि मोकळे केस म्हणजे आलिया, एप्रिल २०२२. हे तिन्ही सब्यसाचीचे. माझ्या मते त्याचं खरं कसब रंगात आहे. २०१७च्या त्या एका फोटोनंतर लाल-मरून सोडून सगळ्या पिस्ता आणि पीच मागायला लागल्या, आणि तो स्वतः मात्र पुढच्याच वर्षी दीपिका आणि प्रियांकाला लालभडक करून मोकळा झाला!

पण मी कपडा उलटा करून बघणारी बाई. मला डिझायनर आवडतो तो आतल्या कामासाठी. लेहेंग्याला किती कळ्या आहेत, कॅनकॅन (घेर फुगवणारी आतली कडक जाळी) कुठून सुरू होतं, वजन नाडीवर लटकतंय की रुंद पट्ट्यावर. सात-आठ किलोंचा घेर अर्ध्या इंचाच्या नाडीवर टांगला तर कंबर सोलून निघते. तोच घेर कॅनव्हास घातलेल्या चार बोटं रुंद पट्ट्यावर, आतून हुकांनी बसवला की भार नितंबांवर जातो आणि मुलगी चार तास हसत उभी राहते. तरुण ताहिलियानी मला यासाठी आवडतो. त्याच्या ड्रेपमध्ये आणि कॉर्सेटमध्ये शिवणीचा विचार दिसतो, नुसती खडी ओतलेली नसते. अनिता डोंगरे आवडते कारण तिने लेहेंग्याला खिसा दिला. खिसा! नवरीचा फोन, रुमाल आणि लिपस्टिक सांभाळत मागे फिरणाऱ्या करवलीला विचारा त्या खिशाची किंमत.

अबू जानी-संदीप खोसलांची चिकनकारी, रितू कुमारने कोलकात्यातून जरदोजीला पुन्हा दिलेला मान, यावर बोलायचं तर वेगळा धागा लागेल.

तर तुम्हाला कोण आवडतं? 'सुंदर दिसतं' एवढं लिहून पळू नका, का ते लिहा.

---

मावळतीचा_रंग

रुमाल टाकून ठेवते. मुलं झोपली की येते.

---

राघूमैना

मस्त धागा. माझी आवडती डिझायनर बहुतेकांना माहीत नसेल. अ‍ॅन लो. १२ सप्टेंबर १९५३ला जॅकलिन बूव्हिएचं जॉन केनेडींशी लग्न झालं, तो हस्तिदंती टॅफेटाचा झगा हिने शिवला. ही कृष्णवर्णीय बाई, आई आणि आजीकडून शिवण शिकलेली, न्यूयॉर्कमधल्या बड्या घरांतल्या मुलींचे कपडे करायची. लग्नाला साधारण दहा दिवस उरले असताना तिच्या कारखान्यात पाइप फुटला. नवरीचा झगा गेला, करवल्यांचेही बरेचसे गेले. तिने नवं कापड आणून, जादा माणसं लावून सगळं पुन्हा शिवलं. नफा होणार होता तिथे पदरचे पैसे घातले, आणि नवरीच्या घरी चकार शब्द काढला नाही. लग्नाच्या बातम्यांमध्ये झग्याचं रसभरीत वर्णन आलं, शिवणारीचं नाव बहुतेक ठिकाणी आलंच नाही.

सुईदोरा, तू म्हणतेस ते 'आतून बघणं' इथेही आहे. तिची खासियत कापडाची फुलं. हाताने वळून, कडा दुमडून बसवलेली.

---

ठाणेकर_आजोबा

एका दिवसाच्या कपड्यासाठी लाखांत पैसे घालवायचे आणि वर त्या शिंप्याची आरती ओवाळायची, हे मला कधी कळलं नाही. आमच्या लग्नात मामाकडची पिवळी अष्टपुत्री, एक शालू आणि संपलं. आणि डिझायनर डिझायनर काय करता? जानेवारी २०२१मध्ये आदित्य बिर्ला फॅशनने सब्यसाचीच्या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटींना घेतला. त्याच वर्षी रिलायन्सने मनीष मल्होत्राचा ४० टक्के आणि रितू कुमारच्या कंपनीचा अर्ध्याहून जास्त हिस्सा घेतला. तुम्ही कलाकाराचं कौतुक करताय की शेअर बाजाराचं?

---

सुईदोरा

आजोबा, आकडे बरोबर आहेत. पण शालूसुद्धा बनारसच्या विणकराने विणलेलाच होता ना? त्या काळी दुकानदाराचं नाव लोक अभिमानाने सांगायचे, दादरच्या अमक्याकडून, लक्ष्मी रोडच्या तमक्याकडून. आता डिझायनरचं सांगतात. हिस्सा कोणाचाही असो, मुंढा नीट कापला आहे की नाही एवढंच मी बघते.

बाकी प्रियांकाच्या २०१८च्या लाल लेहेंग्याला कोलकात्याचे ११० कारागीर आणि ३,७२० तास लागल्याचं सब्यसाचीकडूनच सांगितलं गेलं होतं. ११० माणसं अड्ड्याभोवती (कापड ताणून बसवायच्या चौकटीभोवती) बसून आरीच्या सुईने भरतकाम करतायत, हे डोळ्यांपुढे आणा. त्या पैशातले त्यांच्या हातात किती पडतात, हा तुमचा प्रश्न असेल तर मी तुमच्या बाजूने.

---

ठाणेकर_आजोबा

तोच माझा प्रश्न आहे.

---

मावळतीचा_रंग

आले. दीपिकाची एक गंमत राहिली. इटलीत कोमोला झालेल्या लग्नातली तिची कोंकणी विधीची साडी सुरुवातीला सब्यसाचीच्या नावावर फिरली. मग त्याच्याकडूनच खुलासा आला, की कोंकणी लोकांत ही साडी मुलीला आई देते, ती बंगळुरूच्या अंगडी गॅलेरियातून आली आहे, श्रेय त्यांचं. मला तो माणूस तेव्हापासून जास्त आवडायला लागला.

आणि आजोबांच्या 'एका दिवसाचा कपडा'वर : आलियाने तीच लग्नाची साडी ऑक्टोबर २०२३मध्ये राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला पुन्हा नेसली. माझ्या बघण्यातली ही सगळ्यात चांगली फॅशन. यामी गौतमने २०२१मध्ये आईची ३३ वर्षं जुनी साडी नेसून लग्न केलं. सोनाक्षी सिन्हाने २०२४मध्ये आईचीच. दिया मिर्झाने रॉ मँगो या ब्रँडची लाल बनारसी नेसली आणि विधी सांगायला महिला पुरोहित. साडी पुन्हा नेसता येते. बारा किलोंचा लेहेंगा पलंगाच्या पेटीत जातो तो कायमचा.

---

ब्लाउजपीस

+१. माझा पेटीतच आहे. नवरा विचारतो त्याचं काय करायचं, मी म्हणते तुझी शेरवानी काढ आधी.

---

जर्सीतली_जुई

इकडचं, अमेरिकेतलं सांगते. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात सकाळी पैठणी आणि संध्याकाळी पांढरा गाऊन असा बेत होता, म्हणून तिच्याबरोबर ब्रायडल दुकानं पालथी घातली. तिथे वेरा वँगचं नाव अजून देवासारखं घेतात. ही बाई आधी स्पर्धांमध्ये फिगर स्केटिंग करायची, मग 'व्होग'मध्ये संपादक. १९८९मध्ये चाळिशीत स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा मनासारखा झगा मिळेना, सगळं वीस-बावीस वर्षांच्या मुलींसाठी शिवलेलं. म्हणून स्वतःच काढून घेतला आणि १९९०मध्ये दुकान थाटलं. गरज होती म्हणून धंद्यात आलेली माणसं मला आवडतात.

अवांतर : इथे गाऊनची फिटिंग दोन-तीन वेळा होते आणि दरवेळी त्या बायका नवरीला बसायला लावतात, जिना चढायला लावतात. आपल्याकडे आरशासमोर उभं करतात आणि 'छान दिसतंय' म्हणतात.

---

सुईदोरा

जुई, अगदी अगदी! माझ्याकडे मी मांडी घालून बसायला लावते. होमापुढे तास-दीड तास बसायचं असतं. दोन्ही हात वर करायला लावते, कारण वरमाला घालताना मित्रमंडळी नवऱ्याला उचलून धरतात आणि तेव्हाच काखेत शिवण उसवते. मग जिजाजींचा कोट खांद्यावर टाकून रिसेप्शन.

---

जुनी_पाने

धागा इंग्लंडकडे गेला नाही अजून? मी नेते.

डायनाचा झगा (२९ जुलै १९८१) सगळ्यांना आठवतो, पण मला तो सपशेल फसलेला वाटतो. तो करणारे एमॅन्युएल पती-पत्नी तेव्हा अगदी तरुण. २५ फुटांचा पायघोळ मागचा भाग, रेशमी टॅफेटा, आणि बसायला काचेची छोटी घोडागाडी, शेजारी धिप्पाड वडील. उतरली तेव्हा अख्ख्या झग्यावर चुण्या. साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिल्या. गाडीची लांबी-रुंदी बघून कापड निवडायला नको? तरी त्या फुगीर बाह्या पुढे कित्येक वर्षं जगभर चालल्या, आपल्याकडच्या ख्रिस्ती लग्नांतसुद्धा.

याउलट एलिझाबेथचा, नोव्हेंबर १९४७. नॉर्मन हार्टनेलचं काम. युद्ध संपलेलं पण कापड रेशनवर. राजकन्येलाही कुपनं. देशभरातल्या बायकांनी आपली कुपनं तिला पाठवली, ती परत करावी लागली कारण दुसऱ्याची कुपनं वापरणं बेकायदा होतं. त्या झग्यावर १०,००० मोती होते. आणि याच लग्नात गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं विणकाम भेट पाठवलं होतं. राणी मेरीला ते पंचासारखं काहीतरी वाटलं आणि ती नाराज झाली म्हणतात.

केटचा २०११चा, सारा बर्टनने अलेक्झांडर मॅक्वीनसाठी केलेला. त्याची लेस बसवणाऱ्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या बायका दर अर्ध्या तासाने हात धुवायच्या आणि दर तीन तासांनी सुई बदलायच्या. सुईदोरा, तुझ्यासाठी खास.

---

सुईदोरा

हे वाचून हात धुऊन आले! माझ्याकडच्या मुलींना दर तीन तासांनी सुई बदल म्हटलं तर सुया आधी लपवाव्या लागतील. पण कारण खरं आहे. बोथट सुई नेटमध्ये भोक पाडते, आणि पांढऱ्यावर हाताचा घाम महिन्याने पिवळा दिसतो.

---

मांडवीकाठ

गोव्याहून नमस्कार. वेंडेल रॉड्रिक्सचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. कोलवाळचा माणूस, २०१४ची पद्मश्री, फेब्रुवारी २०२०मध्ये गेला. भरतकामाचा मारा न करता नुसत्या कापडाच्या पडण्यावर कपडा उभा करायचा. आमची आदिवासी कुणबी साडी त्याने पुन्हा विणून घेतली, लाल-पांढऱ्या चौकड्यांची. लग्नाचा म्हणून तो प्रसिद्ध नसेल, पण हल्ली गोव्यात समुद्रकिनाऱ्यावरची लग्नं होतात तिथे जो साधा पांढरा, वाऱ्याबरोबर हलणारा कपडा सगळ्यांना हवा असतो, त्याची आवड आमच्याकडे त्याने लावली असं मला वाटतं.

आणि एक जुनी गोष्ट. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत नवरीचा पांढरा झगा असतोच, पण त्याशिवाय लाल 'सादो' असतो. पूर्वी त्यासाठी शिंप्याला घरी बोलावायचे. यंत्र ओसरीवर, शेजारीपाजारी जमलेले, आणि शिवायला सुरुवात झाली की फटाके. आजोबा, शिंप्याची आरती आमच्याकडे खरोखर व्हायची!

---

ठाणेकर_आजोबा

हे आवडलं. शिंपी घरी आला तर माझी ना नाही.

---

येवल्याची_वेस

एवढी चर्चा झाली आणि पैठणीवर कोणी बोललं नाही? आमच्या घरात माग आहे, म्हणून थोडं कडक लिहितो, राग मानू नये.

सध्याची फॅशन अशी की पैठणी घ्यायची आणि तिची शिवलेली नऊवारी, नाहीतर लेहेंगा करायचा. सहावारी साडी साडेपाच मीटरची. नऊवारीला आठ मीटरच्या वर लागतं. म्हणजे मधून कापायची, पदर वेगळा काढायचा, काठ सोलून पायांवर लावायचा. हातमागाच्या पैठणीत काठ आणि पदरावरची नक्षी जरीत रंगीत रेशीम गुंतवून, एकेक रंगाची वेगळी कांडी घेऊन हाताने भरलेली असते. म्हणूनच मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. बांगडी मोर, मुनिया, आसावली असा भरलेला पदर असेल तर विणकर कित्येक महिने त्याच एका साडीवर असतो. त्या पदराला शिंप्याने पाच मिनिटांत कात्री लावायची?

सेमी पैठणी असेल तर खुशाल कापा. उलटी करून बघा, मागे धागे सुटे लोंबत असतील किंवा कापलेले असतील तर ती यंत्रावरची. ती वाईट नाही, फक्त तिला पैठणीच्या भावात घेऊ नका. येवल्याच्या आणि पैठणच्या पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते दुकानात विचारायला लाजू नका. नऊवारीच हवी असेल तर मागावर नऊवारी विणून मिळते, फक्त आधी सांगावं लागतं.

---

कात्रीवाली

दादा, मी कापली आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. आईची पैठणी, तिच्या लग्नातली. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवल्याने घडीवर विरली होती, नेसली की निऱ्यांत चिरत होती. मध्ये रेशीम गेलेलं, काठ-पदर मात्र खणखणीत. मी पदराचा शेला केला आणि काठ नव्या साध्या रेशमाला लावून घेतले. विणकराने पदर विणला तो कपाटात विरायला नाही ना? ईशा अंबानीने २०१८मध्ये आईची ३५ वर्षं जुनी लग्नसाडी लेहेंग्यावर ओढणीसारखी घेतली, तेव्हा सगळे वा वा म्हणाले. आम्ही केलं की पाप.

---

येवल्याची_वेस

विरलेली साडी वाचवणं वेगळं. त्याला मी नमस्कार करतो. माझं म्हणणं कोऱ्या, घडी न मोडलेल्या साडीबद्दल आहे. आणि घडी दर काही महिन्यांनी बदलत जा, सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. म्हणजे तुमच्या मुलीवर कापायची वेळ येणार नाही.

---

ब्लाउजपीस

दोघांनाही अनुमोदन. हे मराठी फोरमवर पहिल्यांदाच घडलं असावं.

---

जुनी_पाने

शिवलेल्या नऊवारीच्या बाजूने एक वाक्य. आमच्या आज्या रोज नऊवारी नेसायच्या म्हणून त्यांना ती सुटायची भीती नव्हती. आताची मुलगी जन्मात एकदाच नेसणार, तीसुद्धा सकाळी सहाला, पार्लरवालीच्या हातून. शिवलेली असेल तर ती निदान मोकळेपणाने नाचते. ज्याने कोणी पहिल्यांदा काष्टा शिवून दिला तो शिंपीसुद्धा डिझायनरच म्हणायचा. नाव कोणालाच माहीत नाही.

---

मार्गशीर्षातली_नवरी

नमस्कार, नवीन आहे, धागा पूर्ण वाचला आणि जास्तच गोंधळले. माझं लग्न मार्गशीर्षात. आईची हातमागाची सहावारी पैठणी आहे, जांभळी, हिरव्या काठाची, चांगल्या स्थितीत. मला मंगलाष्टकांना नऊवारीच हवी. संध्याकाळसाठी फिका लेहेंगा बघतेय, उल्हासनगरला एक बघितला, दिसायला अगदी फोटोतल्यासारखा पण उचलवत नाही. काय करू? सुईदोरा ताई, प्लीज.

---

सुईदोरा

पैठणी कापू नकोस. नऊवारी साध्या रेशमाची शिवून घे, पैठणीच्या काठाशी जुळणारा हिरवा रंग घे आणि आईची पैठणी गौरीहराला किंवा सीमांतपूजनाला सहावारी नेस. पैठणीचीच नऊवारी हवी असा हट्ट असेल तर न कापता नुसत्या टाक्यांवर काष्टा बसवून देणारे आहेत. टाके नंतर उसवता येतात. फक्त सहावारीत घोळ कमी पडतो, काष्टा आखूड येतो. आतून त्याच रंगाची लेगिंग घालावी लागेल आणि निऱ्या कमी बसतील. उंची किती तुझी? पाच फूट चारच्या वर असलीस तर मी हे सुचवणार नाही.

लेहेंगा : दुकानात घालून बघ आणि घालूनच खुर्चीवर बस, मग खाली वाकून चप्पल घाल. जमलं नाही तर सोड. घ्यायचाच असेल तर आतलं कॅनकॅन एक थर कमी करून मिळेल का विचार, अर्धा जडपणा तिथेच असतो. नाडी काढून रुंद पट्टा लाव, कुठलाही चांगला शिंपी करून देईल. ओढणी नेटची घे आणि भरतकाम फक्त काठाला. भरलेली ओढणी अंबाड्याला पिन केली की रात्री डोकं ठणकतं, आणि फोटोत दिसतात काठच.

---

मार्गशीर्षातली_नवरी

पाच फूट दोन! आणि ब्लाउजचं माप कधी देऊ?

---

सुईदोरा

मग टाक्यांवरची नऊवारी बसेल तुला. माप दीड महिना आधी दे, शेवटची फिटिंग लग्नाच्या आठवड्याआधी. बाजूच्या शिवणीत दीड इंच दाब (आत दुमडलेलं जादा कापड) ठेवायला सांग, आणि आरी वर्क त्या शिवणीपासून लांब ठेवायला सांग, नाहीतर दाब असूनही उसवता येत नाही. डाएट करणार असशील तर शिंप्याला आधीच सांग.

---

ठाणेकर_आजोबा

आणि ताईंना पेढे पाठव.